भाव वाढतोय, पण ऑडिटर निघून गेला

वाचकाचा प्रश्न : मी नागपुरात मनीषनगरला राहते, शाळेत शिकवते. बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स) निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशातले सहा लाख दादाने (माझा मोठा भाऊ) एका लहान लिस्टेड कंपनीच्या शेअरमध्ये घातले. याला दोन वर्षं झाली. आज त्याचे अकरा लाख झालेत, त्यामुळे घरात दादाचाच शब्द चालतो. परवा कंपनीचा वार्षिक अहवाल ईमेलवर आला. मी सहज चाळायला घेतला आणि काळजीत पडले. तीन वर्षांचा नफा १८, २४ आणि ३१ कोटी, पण धंद्यातून आलेली रोख २ कोटी, मग उणे ५, मग उणे ११ कोटी. विक्री १८० वरून २६० कोटींवर गेली, पण येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) ४० वरून ९६ कोटींवर. प्रवर्तकांच्या (कंपनी उभी करून चालवणाऱ्या मालकांच्या) एका खासगी कंपनीला २२ कोटी कर्ज दिलंय. प्रवर्तकांचे ४६ टक्के शेअर तारण आहेत, गेल्या वर्षी ते १९ टक्के होते. आणि ऑडिटर मुदत संपायच्या दोन वर्षं आधीच ‘इतर कामांच्या व्यग्रतेमुळे’ सोडून गेले. दादाला दाखवलं तर म्हणाला, “काहून वाचत बसली तू ते? गव्हर्नन्स-बिव्हर्नन्स सगळे कागदी घोडे आहेत. नियम पाळून कोणाचा भाव वाढला?” बाबा म्हणतात, तुम्ही दोघं ठरवा, मला भांडण नको. नियम आणि परतावा यांचा खरंच काही संबंध असतो का? आणि आम्ही हे शेअर विकावेत का?

उत्तर :

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरातला वाद तिथेच अडलाय. बाबांचे पैसे त्या शेअरमधून काढा. सगळे काढा, आणि पुढच्या तिमाहीचा निकाल येईपर्यंत थांबू नका. कंपनीचं नाव तुम्ही कळवलंत, ते मी इथे छापत नाही. कंपनीने घोटाळा केलाय असा माझा दावाही नाही. पण तुम्ही पाठवलेली पानं वाचून एवढं नक्की सांगते, की निवृत्त माणसाच्या पैशावर जी जोखीम घेऊ नये ती इथे आहे.

आता दादाचं म्हणणं. ते मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात अर्धं तथ्य आहे आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं, नाहीतर वादात तुम्हीच कच्च्या पडाल.

समजा, एक कंपनी शेअरमागे दरवर्षी १० रुपये देते आणि देत राहणार आहे. प्रवर्तकांवर लोकांचा भरवसा नाही, म्हणून वर्षाला १४ टक्के सुटत असतील तरच पैसे घालू, असं ते म्हणतात. मग त्या शेअरला साधारण ७१ रुपये भाव मिळतो. उद्या नियम कडक झाले, हिशेब स्वच्छ दिसू लागले, लोकांची धास्ती कमी झाली आणि ते १० टक्क्यांवर राजी झाले, तर त्याच शेअरचा भाव १०० रुपये होतो. धंदा तोच, १० रुपयेही तेच. ज्याच्याकडे शेअर आधीपासून होता त्याला ४० टक्के फायदा झाला. पण १०० रुपयांना जो आत शिरला, त्याला पुढे दरवर्षी १० टक्केच मिळणार, १४ नाही. म्हणजे चांगल्या कारभाराचं मोल भावात एकदाच चढतं. त्यानंतर त्या कंपनीचा परतावा इतरांहून जास्त असेलच असं नाही, उलट कमी असू शकतो. दादा म्हणतो की नियम पाळणाऱ्या कंपन्यांचे भाव धावत नाहीत, ते निरीक्षण इथपर्यंत बरोबर आहे. त्या धावत नाहीत कारण त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची किंमत आधीच मोजली गेलेली असते.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. अमेरिकेत पॉल गॉम्पर्स, जॉय इशी आणि अँड्र्यू मेट्रिक यांनी सुमारे १,५०० कंपन्यांची १९९० च्या दशकातली कामगिरी तपासली. भागधारकांचे हक्क सर्वांत मजबूत असलेल्या कंपन्या घेतल्या आणि सर्वांत कमजोर असलेल्या विकल्या असत्या, तर वर्षाला ८.५ टक्के जादा सुटले असते, असं त्यांना आढळलं. २००३ साली हा निबंध आला आणि खूप गाजला. पुढे ल्युशियन बेबचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००८ हा काळ तपासला, तर तो जादा परतावा नाहीसा झाला होता. चांगल्या आणि वाईट कारभारातला फरक बाजार ओळखायला शिकला होता आणि तो फरक आधीच भावात मोजत होता, असा त्यांचा निष्कर्ष. त्यामुळे एखादा फंड किंवा सल्लागार ‘उत्तम गव्हर्नन्सच्या कंपन्या, म्हणून जास्त परतावा’ असं सांगून काही विकत असेल, तर ते दुसऱ्या कानाने सोडून द्या.

आपल्याकडचा अनुभव तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचा आहे. कंपन्यांचा कारभार (गव्हर्नन्स) कसा असावा हे ठरवण्यासाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, कुमार मंगलम बिर्ला समिती नेमली, त्याची घोषणा मे १९९९ मधली. नियम तर दूरच, तेव्हा समितीचा अहवालही आला नव्हता. तरीही बर्नार्ड ब्लॅक आणि विक्रमादित्य खन्ना यांच्या अभ्यासात असं दिसलं, की हे नियम ज्यांना आधी लागू होणार होते त्या मोठ्या कंपन्यांचे भाव त्या दोन दिवसांत लहान कंपन्यांच्या तुलनेत साधारण ४ टक्क्यांनी वर गेले. पुढे २००० साली लिस्टिंग करारात (कंपनी शेअर बाजाराशी करते त्या करारात) कलम ४९ आलं : स्वतंत्र संचालक, ऑडिट समिती वगैरे. त्यात दात नव्हते. २००४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि लिस्टिंगच्या अटी मोडणाऱ्याला २५ कोटींपर्यंत दंडाची तरतूद आली. धम्मिका धर्मपाल आणि खन्ना यांनी नंतर दाखवलं, की कलम ४९ च्या कक्षेतल्या कंपन्यांचं बाजारमूल्य या दंडाच्या तरतुदीनंतर वाढलं. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. नियमापेक्षा नियम मोडल्यावर काय होईल, याला बाजार भाव देतो. ज्या कागदामागे दंड नाही, तो दादा म्हणतो तसा कागदी घोडाच.

मग ‘नियम पाळून कोणाचा भाव वाढला?’ हा प्रश्नच थोडा फिरवून विचारायला हवा : नियम धाब्यावर बसवल्यामुळे कोणाचे पैसे बुडाले? नियमांचा खरा परतावा न झालेल्या नुकसानीत असतो आणि न झालेलं नुकसान डीमॅटच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत दिसत नाही. म्हणून घरात त्याचं श्रेय कोणाला मिळत नाही. पण हिशेब करून बघा. एक लाखाचे वीस हजार झाले तर ८० टक्के गेले, आणि परत एक लाख व्हायला ते पाचपट व्हावे लागतात. दादाच्या वयात पाचपटीची वाट बघता येते. बाबांच्या वयात नाही.

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी दादाला आठवत असेलच. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र आलं. ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. १७८-१७९ रुपयांचा शेअर त्या दिवशी ४० च्या खाली बंद झाला. आता यातली दुसरी बाजूही बघा. सत्यमकडे सगळे नियम ‘पाळलेले’ होते. कलम ४९ पूर्ण लागू होतं, न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदणी होती, संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक होते, ऑडिटर जगप्रसिद्ध साखळीतले होते. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे पत्राच्या चार महिने आधी, कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. म्हणून मी कोणालाही गव्हर्नन्सचे गुण, मानांकन किंवा पुरस्कार बघून शेअर घ्यायला सांगत नाही. स्वतंत्र संचालक किती, महिला संचालक आहे का, समित्या किती, बैठका किती झाल्या, हे सगळं कंपनी सेक्रेटरी बसल्या बसल्या पूर्ण करू शकतो. खायचे दात आणि दाखवायचे दात इथे वेगळे असतात.

माहिती उघड करण्याच्या नियमांचंही तसंच आहे. अगदी अलीकडचं जेन्सोल इंजिनिअरिंगचं प्रकरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने शेअर बाजारांना कळवलं की आमच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ३०,००० आगाऊ मागण्या आल्यात. नियमाप्रमाणे माहिती दिली, तीही वेळेवर. सेबीने कागद मागवले तेव्हा ते नऊ जणांशी केलेले सामंजस्य करार निघाले, त्यात ना गाडीची किंमत होती ना गाडी कधी मिळणार हे. एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा एक अधिकारी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात प्रत्यक्ष गेला, तर तिथे उत्पादन नव्हतं, दोन-तीन मजूर होते. हे सगळं सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात लिहिलंय. तोवर शेअर आपल्या वरच्या भावापासून ८० टक्क्यांहून जास्त खाली आला होता. त्याच आदेशात भागधारकांचीही नोंद आहे : काही वर्षांपूर्वी या कंपनीचे किरकोळ भागधारक दीडशेच्या आसपास होते, २०२४-२५ मध्ये ते एक लाखाच्या वर गेले. त्या एक लाखात आपल्या विदर्भातल्या कितीतरी घरांचे पैसे असतील आणि ते बहुतेक ‘भाव वाढतोय’ एवढ्याच आधारावर गेले असतील. हे लिहितानाही मला राग येतो.

नियम कागद बाहेर काढायला लावतात, त्यापुढे तो कोणीतरी वाचावा लागतो. मोठ्या कंपन्यांचा अहवाल आला की म्युच्युअल फंडांची माणसं, परदेशी गुंतवणूकदार, दलालांचे विश्लेषक तो त्याच दिवशी उलटापालटा करतात, आणि त्यातलं बरं-वाईट संध्याकाळपर्यंत भावात उतरलेलं असतं. तिथे तुमच्या-माझ्या वाचनाने फारसा फरक पडत नाही. लहान कंपनीचा अहवाल कोणी उघडतच नाही. तिथे वाईट बातमी छापलेली असते आणि भाव मात्र वाढत असतो, महिनोन्‌महिने. तुम्ही तो उघडलात, ही तुमच्या घरासाठी मोठी गोष्ट आहे.

आता तुमची पानं.

सर्वांत आधी नफा आणि रोख. तीन वर्षांत मिळून ७३ कोटी नफा दाखवलाय आणि धंद्यातून रोख आलीय उणे १४ कोटी. म्हणजे कमावलेल्या ७३ कोटींतला एक रुपयाही हातात आला नाही, वर खिशातले १४ गेले. इतवारीतल्या कोणत्याही ठोक व्यापाऱ्याला विचारा, वहीत विक्री वाढतेय आणि गल्ला रिकामा आहे, तर तो पहिलं काय विचारेल? उधारी कोणाकडे आहे आणि ती येणार कधी. तेच येण्यांवरून दिसतं. १८० कोटींच्या विक्रीवर ४० कोटी येणी म्हणजे सुमारे ८१ दिवसांची उधारी, २६० कोटींवर ९६ कोटी म्हणजे सुमारे १३५ दिवसांची. माल विकायला कंपनीला आता जवळजवळ दोन महिने जास्त उधार द्यावं लागतंय, किंवा त्यातली काही विक्री नुसती कागदावर आहे. एक न्याय्य गोष्ट सांगते : सरकारी कामं करणाऱ्या कंपन्यांची बिलं खरोखर अडकतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या धंद्यात एखाद-दुसरं वर्ष रोख उणे असणं हा गुन्हा नाही. पण तसं असेल तर येण्यांच्या टिपेत वयवारी दिलेली असते : सहा महिन्यांच्या आतली किती, एक ते दोन वर्षांची किती, तीन वर्षांवरची किती. हा तक्ता आता कायद्यानेच द्यावा लागतो. तुम्ही ते पान पाठवलेलं नाही. ते काढा. जुनी येणी फुगत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

दुसरं, ते २२ कोटींचं कर्ज. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कंपनीला धंद्यातून रोख मिळत नाही, म्हणजे हे २२ कोटी एकतर बँकेकडून उचललेत किंवा भागधारकांकडून. कंपनीने स्वतः कर्ज काढायचं आणि ते प्रवर्तकांच्या घरच्या कंपनीला द्यायचं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. संचालकांचं हित असलेल्या कंपनीला असं कर्ज देण्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि घेणाऱ्याने ते स्वतःच्या मुख्य धंद्यासाठीच वापरायचं असतं. तो ठराव कधी झाला, व्याज किती, ते व्याज रोख मिळालं की नुसतं ‘येणे’ म्हणून मांडलं, हे संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेत आणि ऑडिटरच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात सापडतं. ते परिशिष्ट लोक सोडून देतात. खरं तर सगळ्यात आधी तेच वाचावं, कारण कर्जं, थकलेली देणी, बँकेला दिलेली आकडेवारी वहीशी जुळते की नाही, या सगळ्यावर ऑडिटरला तिथे कलमवार लिहावंच लागतं.

तारण शेअरचं एका वाक्यात : भाव पडला की सावकार तारण विकतो, त्याने भाव आणखी पडतो आणि त्या वेळी विकायला उभा राहणारा लहान भागधारक रांगेत शेवटचा असतो. १९ चे ४६ टक्के एका वर्षात झाले, हा वेग वाईट आहे. हा आकडा दर तिमाहीनंतर २१ दिवसांच्या आत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो, त्यासाठी वर्षभर थांबायची गरज नाही.

राहिला ऑडिटर. कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीत ऑडिट फर्मला पाच वर्षांची एक, अशा जास्तीत जास्त सलग दोन मुदती मिळतात. त्यामुळे मुदत संपून बदल झाला तर त्यात काही नाही. मध्येच सोडून जाणं वेगळं. २०१८ मध्ये असे राजीनामे एकामागोमाग आले. मनपसंद बेव्हरेजेसच्या ऑडिटरने वार्षिक निकालाच्या तोंडावर काम सोडलं, तेव्हा शेअरला सलग लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडू शकतो ती कमाल मर्यादा) लागत गेलं : विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कोणी नाही. ‘विकू ना, लागलं तर’ असं दादा म्हणत असेल, तर लहान शेअरमध्ये ‘लागलं तर’च्या दिवशी विकता येत नाही, हे त्याला शांतपणे सांगा. अशा प्रकारांनंतर सेबीने ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आणला, की ऑडिटरला असं मध्येच पाठ फिरवता येणार नाही. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत तो सोडून गेला तर त्या तिमाहीचा अहवाल देऊन जायचं, त्यानंतर गेला तर पुढच्या तिमाहीचाही. आणि सोडण्याचं सविस्तर कारण कंपनीने बाजाराला कळवायचं. ‘इतर कामांची व्यग्रता’ हे सविस्तर कारण नाही. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये मूळ राजीनामापत्र शोधा. कंपनीने माहिती दिली नाही, असा एखादा उल्लेख पत्रात असेल तर बाकी काही वाचायची गरजच उरणार नाही.

यातली एकेक गोष्ट सुटी असती, तर मी ‘लक्ष ठेवा’ म्हणाले असते. रोख उणे, पैसा प्रवर्तकाकडे, प्रवर्तकाचे शेअर सावकाराकडे आणि हिशेब तपासणारा निघून गेलेला, हे सगळं एकाच वर्षात एकाच कंपनीत आहे. भाव अजून पडलेला नाही, हे तुमचं नशीब समजा.

विकताना कराची भीती घालून दादा थांबवेल. शेअर वर्षाहून जास्त काळ ठेवलेत, त्यामुळे फायदा दीर्घ मुदतीचा. पाच लाखांच्या फायद्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेचार लाखांवर १२.५ टक्के म्हणजे ४६,८७५ आणि त्यावर उपकर धरून ४८,७५० रुपये. बाबांचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर याहूनही कमी. अकरा लाख वाचवायला हे पन्नास हजारही नाहीत. मिळालेल्या पैशांपैकी मूळचे सहा लाख तरी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तिची कमाल मर्यादा आता ३० लाख आहे, तेव्हा जागा उरलेली असेल. वरच्या पैशांचं काय करायचं ते बाबांना ठरवू द्या.

दादाला स्वतःचे पैसे तिथे ठेवायचे असतील तर ठेवू दे, त्याच्याशी भांडू नका. फक्त एक काम त्याच्याकडून करून घ्या. अहवालात कंपनी सेक्रेटरीचा ईमेल असतो. भागधारक म्हणून त्याने तीन ओळी लिहाव्यात : सहा महिन्यांवरची येणी किती आणि कोणत्या ग्राहकांकडे आहेत, २२ कोटींच्या कर्जाचा ठराव कोणत्या तारखेचा आणि व्याज रोख मिळालं का, तारणावर काढलेला पैसा कुठे वापरला. चांगली कंपनी उत्तर देते, आणि आठवड्याभरात देते. उत्तर आलंच नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते.

मत देण्याचा हक्कही त्याने वापरावा. सभेला मुंबईला जावं लागत नाही, मोबाइलवरून ई-व्होटिंग होतं आणि बहुतेक लोक ते ईमेल न उघडताच काढून टाकतात. प्रवर्तकांशी संबंधित मोठ्या व्यवहाराच्या ठरावावर प्रवर्तकांना स्वतःला बाजूने मत देता येत नाही, हा नियम लहान भागधारकाच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार आहे. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने परदेशी पालक कंपनीला द्यायची रॉयल्टी वाढवायचा ठराव मांडला होता. पालक कंपनीला त्यावर मत नव्हतं, बाकीच्यांपैकी ५७ टक्के मतं विरोधात पडली आणि ठराव आपटला. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडलं. नियम परताव्याचं रक्षण कसा करतो, याचं याहून सरळ उदाहरण दादाला सांगता येणार नाही.

आणि तुम्ही वाचायला लागलाच आहात तर थांबू नका. सरावासाठी मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचा अहवाल घ्या. शेअर घ्या म्हणून सांगत नाही, पण कंपनी आपल्या गावची, काटोल रोडला मुख्यालय, डिसेंबर २०१० पासून लिस्टेड, आणि मनसर, कांद्रीच्या खाणी रामटेकला जाताना लागतात. धंदा डोळ्यांसमोर असला की ताळेबंदातले शब्द लवकर कळतात. आधी रोख प्रवाहाचं पान, मग ऑडिटरचा अहवाल आणि परिशिष्ट, मग संबंधित पक्षांची टीप. सुरुवातीचे रंगीत फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत शेवटी वाचा, वेळ उरला तर. सरकारी कंपनीत प्रश्न वेगळे असतात, संचालक मंत्रालयाकडून येतात, लाभांशाचा आग्रह सरकारचा असतो. तोही फरक तुम्हाला दिसेल.

शेवटी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला विचारावीशी वाटते. डीमॅट खातं बाबांच्या नावावर आहे ना? मग त्याला मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा जोडलाय? शेअर विकताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. बऱ्याच घरांत तो नंबर मुलाचा असतो आणि वडिलांना आपल्या खात्यात काय चाललंय ते मुलाने सांगितलं तरच कळतं. दादाच्या मनात काही वावगं आहे असं मी म्हणत नाही. पण पैसे बाबांचे आहेत, तेव्हा नंबर बाबांचा हवा, नॉमिनी बाबांनी ठरवलेला हवा आणि ‘तुम्ही दोघं ठरवा’ म्हणून सुटका करून न घेता विक्रीचा निर्णयही त्यांनी, समोर हे आकडे ठेवून, स्वतः घ्यायला हवा. या रविवारी तिघं एकत्र बसा आणि आधी तो नंबर बदलून घ्या.